मावशीच्या बाजूचा ब्रेक

तिला सगळे मावशीच म्हणायचे. सख्खी भाचरं दोनच, पण गाडी शिकवून शिकवून तिने एकोणीस वर्षांत चारशेच्या वर भाच्या जमवल्या होत्या. कुणी कॉलेजातली, कुणी दुकान सांभाळणारी, कुणी साठी उलटल्यावर "आता कुठं जायचं तर ह्यांच्या तोंडाकडे बघत बसणार नाही" असं म्हणून आलेली. घरात नवऱ्याने नाहीतर भावाने गाडी शिकवायला घेतली की तिसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं. मग ती बाई नाक ओढत मावशीकडे यायची. मावशी ओरडत नाही, ही तिची ख्याती होती.

आता शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक चालवणारीच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या शिकवणारीच्या पायाशी. हा दुसरा दाबला की गाडीत एक बझर वाजतो, चांगला टर्रर्र करून. म्हणजे शिकणारीला कळावं की बाई गं, हे काम तुझं होतं आणि ते दुसऱ्या कुणीतरी केलं. मावशीच्या पहिल्या गाडीतही तो होता. पहिल्याच महिन्यात एक शाळेतल्या बाई शिकायला आल्या. भयंकर घाबरट! बझर वाजला की त्या स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकायच्या. स्टिअरिंग सोडून, बघा! चौथ्या दिवशी त्या रडत उतरल्या, म्हणाल्या, "माझ्याच्यानं होणार नाही हे," आणि भर रस्त्यातून पायी घरी गेल्या. मावशीचा जीव तुटला. तिने तडक गॅरेज गाठलं.

"त्या मेल्या बझरची वायर काढून टाक," ती मेकॅनिकला म्हणाली.

"मावशी, तो कशासाठी असतो माहितीये ना?"

"माहितीये. काढ."

त्याने काढली. पुढे तीन गाड्या बदलल्या आणि तिन्ही वेळा आल्या आल्या पहिलं काम तेच झालं. बझर गेला तसं गाडीतलं रडणंही गेलं. मावशीचा पाय इतका हलका होता की ती ब्रेक दाबतेय हे शेजारणीला कळायचंही नाही. धक्का नाही, आवाज नाही. गाडी आपली शहाण्यासारखी थांबायची आणि शिकणारीला वाटायचं, वा, जमलं की आपल्याला! मावशी म्हणायची, "छान." एकदा एकीने तिचं नाव 'लोणीपाय' ठेवलं होतं आणि मावशीला ते मनातून फार आवडलं होतं.

बरं, ती शिकवायची नाही असं नव्हतं. तोंडाने तर ती सगळं शिकवायची. शाळेच्या गल्लीत गाडी वळली की तिची टकळी सुरू. "उभ्या टेम्पोच्या खालून बघ, अगं. पाय दिसले की पोर आलंच समज. एक पोर पळत गेलं ना, तर लगेच गाडी सोडायची नाही, त्याच्या मागे दुसरं असतं. पोरं गाडीकडे बघत नाहीत, ज्यानं हाक मारली त्याच्याकडे बघतात. पलीकडे आई उभी असेल तर पोराचा काही भरवसा नाही, ते सरळ सुटतं. आणि तुला वाटतं त्याला तू दिसतेयस, पण त्याची उंची केवढी? तुझ्या बॉनेटएवढी!" हे सगळं तिच्या पोरींना पाठ होतं. परीक्षेच्या तोंडी प्रश्नांत त्या भराभर उत्तरं द्यायच्या.

सिग्नलला, चौकात, पुढच्या गाडीमागे मावशी पायाला पाय लावून गप्प बसायची. ते मुलींनीच करायचं आणि त्या करायच्याही. पण खरोखर एखादं पोर आडवं आलं की तिचा पाय आधी जायचा. शिकणारीने ॲक्सिलरेटर सोडला न सोडला, तोवर मावशीने गाडी थांबवलेली असायची. तो तिचा स्वभावच होता. परीक्षा तर मोकळ्या मैदानात व्हायची. आठचा आकडा काढा, मागे घ्या, चढावर थांबवा. मैदानात पोरं कुठून येणार? मावशीच्या मुली धडाधड पास व्हायच्या.

नर्सही अशीच पास झाली होती. तिशीची, चटपटीत, हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात काम करणारी. सकाळची पाळी पहाटे सुरू व्हायची आणि तेव्हा बस नसायची, म्हणून गाडी शिकायची होती. वीस दिवसांत ती तयार झाली. परवाना मिळाला त्या दिवशी तिने मावशीला मिठी मारली आणि जुनी का होईना, स्वतःची गाडी घेतली.

पाच आठवड्यांनी, एका मंगळवारी दुपारी, नर्सच्या बहिणीचा फोन आला. मावशी तेव्हा पुढच्या खोलीत, नवऱ्याच्या शिलाई मशीनजवळ, बसून लसूण सोलत होती. शाळा सुटायच्या वेळी, शाळेच्याच गल्लीत, नर्सच्या गाडीखाली एक सात वर्षांचा मुलगा आला होता. मांडीचं हाड मोडलं होतं, डोक्याला मार होता आणि अजून शुद्ध नव्हती. नर्सचा फोन गाडीत तिच्या पायाशी पडलेला सापडला. बाई फोनवर बोलत होती, असं सगळी गल्ली म्हणत होती.

"फोनवर? ती? शक्यच नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "मी तिला घसा कोरडा होईपर्यंत सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी ती नर्सच्या घरी गेली. नर्स पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. अंगावर कालचाच गणवेश होता आणि केसही विंचरलेले नव्हते. मावशीला पाहताच ती म्हणाली, "मावशी, मी फोनवर नव्हते हो. पर्समधून पडला तो, धडकल्यावर."

"माहितीये गं मला."

"मला दिसला होता तो. टेम्पोखालून आधी पायच दिसले. पांढरे मोजे, त्यातला एक खाली घसरलेला. तुमचं बोलणं आठवलं, पाय दिसले की पोर आलंच. मी लगेच पाय उचलला ॲक्सिलरेटरवरून."

"मग?"

"मग गाडी थांबायची वाट बघितली." नर्सने मान वर केली. ती खरंच विचारत होती. "नेहमी थांबते ना, मावशी. मी पाय उचलला की थांबते. काल थांबलीच नाही. का नाही थांबली?"

मावशीला उत्तर लगेच कळलं. इतकं लगेच, की तिचे कान गरम झाले. त्या गल्लीतून त्या दोघी वीस वेळा तरी गेल्या होत्या, आणि प्रत्येक पोरासाठी गाडी थांबली होती. थांबवली कुणी होती? नर्स त्या वीस दिवसांत एवढंच शिकली होती, की पोर दिसलं की पाय उचलायचा, पुढचं आपोआप होतं.

आणि एवढं कळूनही मावशी काय बोलली? ती म्हणाली, "चहा टाकू का तुला थोडा?" तिने चहा केला, कप पलंगाजवळ ठेवला, "जरा झोप," म्हणाली आणि निघून आली. रस्त्याने चालताना तिला स्वतःची इतकी किळस आली, की एका बंद दुकानाच्या पायरीवर ती बराच वेळ बसून राहिली.

तरी माणसाचं मन काय चीज आहे बघा. घरी येईतो तिने स्वतःला समजावलंही होतं. असेल एखाद-दुसऱ्या वेळी दाबला आपण. पाच आठवडे ती एकटी चालवत होती, तेव्हा नाही का थांबली गाडी? सिग्नलला थांबतच होती की. घाबरली असेल बिचारी, म्हणून सुचलं नसेल. या 'असेल'वर रात्र काढून सकाळी ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

"अहो, तुमच्या डब्यातली मूठभर बटणं द्या."

"कशाला?"

"द्या हो. परत देते."

त्या दिवशी शिकायला केकवाली होती. घरी केक करून विकायची, ते पोचवायला गाडी हवी होती आणि परीक्षा तोंडावर, शुक्रवारी. मावशीने बटणं डाव्या खिशात घातली. ठरवलं असं, की आपला पाय ब्रेकवर गेला की एक बटण उजव्या खिशात टाकायचं. मुद्दाम दाबायचा नाही आणि मुद्दाम रोखायचाही नाही. शाळेची गल्ली, मग बागेजवळचा रस्ता, मग वसाहतीतली वळणं. तीनचाकी सायकलवरचं एक पोर, फाटकातून मागे मागे चालत येणारी एक मुलगी, बापाचा हात सोडून पळालेलं शेंबडं. केकवाली गुणगुणत गाडी चालवत होती. तासाभराने गाडी दारात उभी राहिली.

"काय गं," मावशी म्हणाली, "आज मी किती वेळा ब्रेक दाबला?"

"तुम्ही?" केकवाली हसली. "एकदाही नाही! आज तर सगळं मीच केलं. मला वाटतं, मला आता नजर आलीये."

मावशीने उजव्या खिशातली बटणं डॅशबोर्डवर काढून ठेवली. अकरा होती.

केकवालीला आधी काहीच कळेना. कळलं तेव्हा तिचा चेहरा पडला आणि मग ती जी चिडली! "म्हणजे इतके दिवस तुम्ही मला उल्लू बनवत होता? छान, छान म्हणून?" शुक्रवारची परीक्षा रद्द करायची म्हटल्यावर तर तिने दार असं आपटलं की काच खाली घसरली. मावशीच्या गाडीतून कुणी रडत नाहीतर रागावून उतरायची ती एकोणीस वर्षांतली दुसरी वेळ.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो मूळचा शांत माणूस. सुईत दोरा ओवत म्हणाला, "तुला कुणी विचारलंय?"

"नाही."

"विचारणार आहे कुणी?"

"नाही."

"मग स्वतःहून कशाला जातेस? परवाना तिच्या हातात, स्टिअरिंग तिच्या हातात. कायद्यानं तू कुठं येतेस यात? एकोणीस वर्षांचं नाव आहे तुझं. घालव मातीत."

"ती वॉर्डात पोरं सांभाळते हो," मावशी म्हणाली. "तिला उद्या तिथं कुणी उभं करणार नाही. फोनवर बोलत पोराला उडवलं म्हणतील. आणि मी इथं बसून खोटं ऐकत राहू?" बोलता बोलता तिला रडू फुटलं. नवऱ्याने सुई खाली ठेवली. चप्पल घातली आणि तो तिच्याबरोबर हॉस्पिटलात निघाला.

मुलगा तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला होता. पाय वजनाला टांगलेला होता आणि हाड जुळलं तरी एक पाय आखूड राहू शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याचा बाप बाहेर बाकावर बसलेला होता. खिडक्यांना काचा बसवायचं काम करायचा. बोटांना जागोजाग पट्ट्या चिकटवलेल्या. मावशीने नवऱ्याला जिन्यातच थांबवलं आणि ती एकटी त्याच्यासमोर उभी राहिली. बसायचा धीर झाला नाही. बझरपासून बटणांपर्यंत तिने सगळं सांगितलं. मध्ये दोनदा अडखळली, पण काही गाळलं नाही.

काचवाल्याने पट्टीचं टोक नखाने उकरलं.

"म्हणजे ती फोनवर नव्हती?"

"नव्हती."

"मी पोलिसांना सांगितलंय होती म्हणून. मला कुणीतरी म्हणालं, मी सांगून मोकळा झालो." त्याने पट्टी परत दाबून चिकटवली. मग म्हणाला, "हे तुम्ही मला हलकं वाटावं म्हणून सांगताय, का तुम्हाला हलकं वाटावं म्हणून?"

मावशीची नजर त्याच्या बोटांवरच्या पट्ट्यांवर गेली.

"अशा किती जणी शिकवल्यात तुम्ही?"

"चारशेच्या वर."

"आणि त्या सगळ्या रस्त्यावर आहेत. आत्ता." तो उठला. आवाज चढवला नाही. "माझी धाकटी त्याच शाळेत आहे, बाई. सोमवारपासून परत जाणार आहे. मला माफी नका मागू. त्या चारशेंचं काय करताय ते सांगा."

मावशीने पोलिसांत सगळं लिहून दिलं. नर्सवरचा फोनचा ठपका निघाला. अपघाताचा निघाला नाही, निघणारही नव्हता. पोर आडवं आलं आणि तिने ब्रेक दाबला नाही, हे खरंच होतं. चौकशी पुरी होईपर्यंत मावशीला शिकाऊ घ्यायला बंदी झाली. ती स्वतः नर्सच्या दारात जाऊन तिलाही सांगून आली. नर्सने उंबऱ्यातच ऐकून घेतलं.

"तुम्ही मला एकदा तरी ओरडला असतात ना, मावशी," ती म्हणाली, "तर बरं झालं असतं." आणि तिने दार लावून घेतलं.

गॅरेजात तोच मेकॅनिक होता, आता चाळीशीचा चष्मा लावलेला. डॅशबोर्डखाली हात घालून त्याने वायर बाहेर ओढली, टोकावरची पट्टी सोलली आणि जोडून दिली. मावशीने पाय टेकवला. टर्रर्र! ती स्वतःच दचकली.

मग तिने जुन्या वह्या काढल्या आणि शेवटच्या पानापासून मागे मागे फोन लावायला घेतले. सगळ्यांना एकच सांगायचं, एकदा ये, एक फेरी मारू, बझर लावलाय. कुणी हसल्या. "अहो मावशी, सहा वर्षं चालवतेय मी!" कुणी फोन उचलला नाही. कित्येक नंबर आता भलत्याच माणसांचे निघाले. एकीच्या नवऱ्याने तिला वेड लागलंय असं तोंडावर सांगितलं. पण येणाऱ्या आल्या. दहा वर्षं चालवणारी एक दवाखान्यातली हिशेबनीस आली, तिच्या फेरीत बझर एकदाही वाजला नाही. तिला रस्त्याने शिकवलं होतं. गेल्याच वर्षी पास झालेली एक आली, तिच्या फेरीत चार वेळा वाजला. चौथ्यांदा ती गाडी बाजूला घेऊन ढसाढसा रडली. मावशीने तिला रडू दिलं, रुमाल दिला आणि म्हणाली, "झालं? आता परत तीच गल्ली." केकवालीही आली, पण तिला घेता येत नव्हतं. चौकशी संपेपर्यंत थांबेन, असं गुर्मीतच सांगून गेली.

दोन महिन्यांनी नर्स आली. पायी आली होती. खूप वाळली होती. हॉस्पिटलने तिला नोंदणीच्या खिडकीवर बसवलं होतं. दर रविवारी ती त्या मुलाला भेटायला जायची, हे मावशीला काचवाल्याकडून कळलं होतं. पहिल्या दोन रविवारी त्याने तिला आत घेतलं नव्हतं. तिसऱ्यांदा घेतलं. मुलगा कुबड्यांवर चालायला लागला होता.

"मला चालवायची नाहीये," नर्स म्हणाली. "फक्त मला ब्रेक येतो का ते बघायचंय."

शाळा सुटायची वेळ होती. नर्स स्टिअरिंगवर, मावशी शेजारी. गल्लीत गाडी रांगत शिरली. टेम्पो नव्हता, पण एक व्हॅन होती, आणि व्हॅनखाली दोन पाय दिसले. गाडी थांबली. आणि गाडीत टर्रर्र झालं.

नर्सचं तोंड उतरलं. "मी दाबला होता," ती म्हणाली. "मावशी, मी दाबला होता हो."

मावशीने खाली वाकून पाहिलं. नर्सचा पाय ब्रेकवर होता, तळाशी गेलेला. आणि तिचा स्वतःचाही आपल्या ब्रेकवर होता. कुणाचा आधी गेला, हे देवालाच माहीत. बझर मात्र मावशीच्या पायाचाच वाजला होता.

"परत," नर्स म्हणाली. "आणि मावशी, तुमचे पाय वर घ्या."

"अगं..."

"वर घ्या म्हणते ना!"

तिने मावशीवर आवाज चढवला. मावशीने चपला काढल्या आणि दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घातली. गाडी शाळेच्या मैदानाला वळसा घालून पुन्हा गल्लीत आली. मावशीने गुडघे हातांनी घट्ट धरून ठेवले होते, कारण उजवा पाय आपणहून खाली निघाला होता. व्हॅन गेली होती. फाटकाशी पोरांचा गलका होता आणि पलीकडच्या फुटपाथवरून कुणीतरी कुणाला तरी हाक मारली.

एक मुलगी सुटली, सरळ, हाकेच्या दिशेने, एका हाताने दप्तर सावरत.

मावशीने डोळे मिटले नाहीत. मिटावेसे वाटले, पण मिटले नाहीत. गाडी गचकन थांबली, इतकी गचकन की तिचं कपाळ काचेवर आपटता आपटता राहिलं. गाडीत कसलाही आवाज नव्हता. नर्स पाय तसाच रोवून, श्वास धरून बसली होती, दुसरं पोर येतंय का बघत.

मुलगी गाडीसमोरून पलीकडे गेली. कुणाची होती कोण जाणे. तिने गाडीकडे बघितलंसुद्धा नाही.